सिव्हिल लाइन्सचं मैदान आणि वऱ्हाडातले प्रेक्षक

14 ऑक्टोबर 2007. नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या विदर्भ क्रिकेट असोसिएशनच्या मैदानावर ऑस्ट्रेलियानं भारताला 18 धावांनी हरवलं. अँड्र्यू सायमंड्सनं नाबाद 107 धावा केल्या. भारतीय पुरुष संघाचा या मैदानावरचा हा अखेरचा आंतरराष्ट्रीय सामना ठरला. पुढच्याच वर्षी वर्धा रोडवरच्या जामठ्यात नवं स्टेडियम उभं राहिलं आणि मोठ्या सामन्यांचा मुक्काम शहराबाहेर गेला. निरोपाचा समारंभ वगैरे झाला नाही. विदर्भातल्या दोन-तीन पिढ्यांनी मात्र हे मैदान मनात जपून ठेवलं आहे. त्या आठवणी वेळीच टिपल्या नाहीत तर विदर्भाच्या क्रिकेटचा निम्मा इतिहास हातचा जाईल, असं मला कळकळीनं वाटतं.

आसेगाव, मंगरुळपीर, कारंजा या आमच्या पट्ट्यातून तेव्हा नागपूरला मॅच बघायला जाणं म्हणजे दोन दिवसांचा कार्यक्रम असे. कुणी यष्टीनं जाई, तर कुणी कारंज्याहून शकुंतला या छोट्या गाडीनं रमतगमत मूर्तिजापूर गाठून पुढे मोठी गाडी पकडे. फडक्यात भाकरी, ठेचा, कांदा बांधलेला असे. स्टेशनावर उतरलं की मैदान पायी गाठता येई. रात्री मुक्कामाला नातेवाइकाचं घर, नाहीतर फलाट. ज्यांना जाणं जमत नसे ते पारावर रेडिओभोवती बसत. पण गावातला एक जरी माणूस नागपूरला गेलेला असला, तरी तो परतेपर्यंत मॅच संपली असं कुणी मानत नसे. त्यानं येऊन सगळं पहिल्यापासून सांगायचं आणि बाकीच्यांनी मध्ये मध्ये प्रश्न विचारायचे, असा रिवाजच होता.

या मैदानावरची पहिली कसोटी ऑक्टोबर 1969 मध्ये झाली. न्यूझीलंडनं भारताला 167 धावांनी हरवलं. त्याच न्यूझीलंडविरुद्ध 31 ऑक्टोबर 1987 रोजी या मैदानाचा सर्वांत झळाळता दिवस उगवला. विश्वचषकाचा सामना होता. चेतन शर्मानं लागोपाठच्या तीन चेंडूंवर केन रदरफोर्ड, इयन स्मिथ आणि इव्हन चॅटफिल्ड यांचे त्रिफळे उडवले. विश्वचषकातली ती पहिली हॅट्ट्रिक. न्यूझीलंडच्या 221 धावा झाल्या. गटात अव्वल राहायचं तर भारताला हे लक्ष्य 42.2 षटकांच्या आत गाठायचं होतं. ताप अंगावर घेऊन सुनील गावसकर खेळायला उतरले आणि चॅटफिल्डच्या एकाच षटकात त्यांनी दोन षटकार आणि दोन चौकार ठोकले. संयमासाठी ओळखल्या जाणाऱ्या फलंदाजाचं हे रूप प्रेक्षकांनी कधी पाहिलं नव्हतं. एकदिवसीय क्रिकेटमधलं त्यांचं एकमेव शतक, 88 चेंडूंत नाबाद 103, नागपूरच्या वाट्याला आलं. 33 व्या षटकातच सामना संपला. वऱ्हाडातल्या साठीच्या माणसाजवळ नागपूरच्या मैदानाचा विषय काढला की तो आधी या दिवसावरच येतो.

पुढची आठवण जड अंतःकरणानंच सांगितली जाते. 26 नोव्हेंबर 1995 रोजी पुन्हा न्यूझीलंडशीच सामना होता. मध्यंतरात प्रेक्षागृहातली एक भिंत कोसळली. सामना बघायला आलेली काही माणसं घरी परतली नाहीत. खेळ मात्र पुढे पूर्ण झाला. मैदानाच्या दुसऱ्या बाजूला बसलेल्या अनेकांना काय घडलं हे बाहेर पडल्यावरच समजलं. त्या वेळी मोबाइल नव्हते. गावाकडे रेडिओवर बातमी आली आणि आपला माणूस परत येईस्तोवर घराघरांत जीव टांगणीला लागला. जुनी मैदानं सोडावी लागतात, त्यामागं अशीही कारणं असतात. प्रेक्षकांची सुरक्षा, रुंद जिने, मोकळे दरवाजे, वाहनांना जागा या गरजा खऱ्या आहेत. जामठ्याचं स्टेडियम बांधलं यात काही गैर झालं नाही.

नोव्हेंबर 2000 च्या कसोटीत सचिन तेंडुलकरचं नाबाद द्विशतक झालं, पण जाणकार आजही आठवतात ती झिम्बाब्वेच्या अँडी फ्लॉवरची नाबाद 232 धावांची झुंज. तिच्या बळावर झिम्बाब्वेनं कसोटी वाचवली आणि नागपूरकरांनी पाहुण्याला मोकळ्या मनानं दाद दिली. 2004 मध्ये खेळपट्टीवर गवत राखलं गेलं. ऑस्ट्रेलिया 342 धावांनी जिंकली आणि भारतात मालिका जिंकण्याची तिची 35 वर्षांची प्रतीक्षा संपली. आपल्याच मैदानावर आपलेच गोलंदाज पाहुणे का झाले, याचा वाद कितीतरी दिवस चालला. मार्च 2006 मध्ये इथल्या शेवटच्या कसोटीत इंग्लंडच्या ॲलिस्टर कुकनं पदार्पणातच शतक केलं, तर माँटी पानेसरचा पहिलाच कसोटी बळी म्हणजे सचिन तेंडुलकर.

मैदानांचं असं स्थलांतर महाराष्ट्राला नवं नाही. मुंबईत ब्रेबॉर्न स्टेडियम क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचं. तिकिटांच्या वाटपावरून मुंबई क्रिकेट संघटनेशी तंटा झाला आणि जवळच वानखेडे उभं राहिलं. जानेवारी 1975 मध्ये तिथल्या पहिल्याच कसोटीत क्लाइव्ह लॉइडनं नाबाद 242 धावा केल्या. ब्रेबॉर्नला पुढची कसोटी मिळायला डिसेंबर 2009 उजाडला आणि वीरेंद्र सेहवागनं त्यात 293 धावा केल्या. पुण्याच्या नेहरू स्टेडियमनं 29 फेब्रुवारी 1996 रोजी केनियाला वेस्ट इंडीजवर विजय मिळवताना पाहिलं. विंडीजचा संघ 93 धावांत बाद झाला होता. पुढे पुण्यातले मोठे सामने गहुंज्याला गेले. मुंबईचं नवं मैदान जुन्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर होतं. पुणे आणि नागपूरचं मात्र महामार्गाला लागलं. ज्याच्याकडे गाडी नाही आणि जो बाहेरगावहून यष्टीनं किंवा रेल्वेनं येतो, त्याला हा फरक सर्वाधिक जाणवतो. सामना रात्री संपल्यावर परतायचं कसं, हा त्याचा पहिला प्रश्न असतो.

सातासमुद्रापार लिव्हरपूलमधल्या एव्हर्टन फुटबॉल क्लबनं 1892 पासूनचं आपलं गुडिसन पार्क सोडायचं ठरवलं. 18 मे 2025 रोजी पुरुष संघ तिथं अखेरचा लीग सामना खेळला. मैदान पाडलं जाणार, असंच सगळे बराच काळ धरून चालले होते. मग ते क्लबच्या महिला संघाचं घर करायचं ठरलं आणि मैदान वाचलं. मैदान टिकतं ते त्यावर खेळ चालू राहिला तरच, हे लिव्हरपूलच्या लोकांनी ओळखलं.

आपलं सिव्हिल लाइन्सही याच वाटेनं टिकलं आहे. विदर्भाचे रणजी सामने तिथं होत राहिले. एप्रिल 2018 मध्ये भारत आणि इंग्लंडच्या महिला संघांचे एकदिवसीय सामनेही इथंच झाले. ज्या विदर्भाला एके काळी दुबळा संघ म्हणून कुणी मोजत नसे, त्यानं 2017-18 आणि 2018-19 असा लागोपाठ दोनदा आणि मग 2024-25 मध्ये रणजी करंडक जिंकला. 2011 मध्ये उमेश यादव कसोटी खेळला, तेव्हा तो मान मिळवणारा विदर्भाचा पहिला क्रिकेटपटू ठरला. हे यश जामठ्याच्या उद्घाटनाच्या दिवशी जन्मलं नाही. सिव्हिल लाइन्सच्या कडेला बसून रणजीचे निरस सामनेही चिकाटीनं बघणाऱ्या पोरांनी आणि त्यांच्या मास्तरांनी ही मशागत केली आहे.

म्हणून माझं मागणं आहे. 1987 चा सामना प्रत्यक्ष पाहिलेली माणसं आज पन्नाशी-साठीच्या पुढे आहेत. 1969 ची कसोटी पाहिलेले तर फार थोडे उरले असतील. गावोगावच्या वाचनालयांनी, महाविद्यालयांनी आणि क्रिकेट संघटनेनं त्यांच्याकडे जाऊन त्यांचं बोलणं ध्वनिमुद्रित करावं. जुनी तिकिटं, छायाचित्रं, सामन्याच्या कार्यक्रमपत्रिका गोळा कराव्यात. 1995 मध्ये गेलेल्या प्रेक्षकांची नावं मैदानात येणाऱ्या प्रत्येकाच्या नजरेला पडतील अशा जागी असावीत. धावफलक पुस्तकांत सुरक्षित आहेत. तिकिटासाठी कापसाच्या चुकाऱ्यातले पैसे बाजूला काढणारा शेतकरी कोणत्याच धावफलकात नाही, आणि मैदान भरलं ते त्याच्यामुळे. समृद्धी महामार्गानं आता आमच्या पट्ट्यातल्या शेलूबाजारहून नागपूर काही तासांवर आलं आहे. पुढच्या रणजी मोसमात पोरांना घेऊन सिव्हिल लाइन्सला जा, सोबत घरातल्या म्हाताऱ्यालाही न्या, आणि तो सांगेल ते लिहून ठेवा.