एक लॅपटॉप, सहा टीव्ही आणि मधले बहुरूपी

शिर्डीच्या दर्शनरांगेत बाबा आधी टीव्हीवर भेटतात. समाधी मंदिरातली संगमरवरी मूर्ती एकच, बाळाजी वसंत तालीम यांनी घडवलेली, १९५४ साली बसवलेली. तिच्यावर रोखलेल्या कॅमेऱ्याचं चित्र मात्र एकाच वेळी कितीतरी पडद्यांवर उमटतं, आणि आरती सुरू झाली की रांगेतली माणसं पडद्यालाच हात जोडतात. २६ ऑक्टोबर २०२३ ला तिथल्या नव्या दर्शनरांग संकुलाचं उद्घाटन झालं. त्याच्या दालनांत मिळून दहा हजारांहून जास्त भाविक बसू शकतात. एवढ्या लोकांना एका गाभाऱ्यातलं चित्र दाखवायचं, तर एका चित्राचे पुष्कळ टीव्ही करावे लागतात. ते कसे होतात, हे रांगेत कुणी विचारत नाही. विचारावं असं ते आहे खरं.

याच गोष्टीची छोटी आवृत्ती नगर-मनमाड रस्त्याला लागलेल्या मंगल कार्यालयांत लग्नसराईत बघायला मिळते. स्टेजवर एक कॅमेरा, व्हिडिओ शूटिंगवाल्याच्या टेबलावर एक लॅपटॉप, आणि मंडपात, पंगतीच्या हॉलमध्ये, बाहेर पार्किंगच्या कडेला टांगलेले टीव्ही. लॅपटॉपला एचडीएमआयचं भोक एकच. म्हणून माणूस दुकानात जातो आणि म्हणतो, "सहा टीव्हींना चालेल असा एक कन्व्हर्टर द्या." दुकानदार अनुभवी असला तर पाकीट काढायच्या आधी विचारतो, "भाऊ, सगळ्यांवर एकच चित्र पाहिजे का वेगळं वेगळं?"

सगळी गोम या प्रश्नात आहे.

आधी एका टीव्हीचं बघू. फुल एचडी चित्र म्हणजे आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके. गुणाकार २० लाख ७३ हजार ६००. प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरव्या आणि निळ्याचा एकेक आकडा. हे सगळं सेकंदाला ६० वेळा. म्हणजे एका सेकंदात जवळपास ३७ कोटी आकडे बोटाएवढ्या जाडीच्याही नसलेल्या केबलमधून जातात. नवल पुढेच आहे. समोरचं चित्र हललं नाही तरी यात कपात होत नाही. साधी एचडीएमआय केबल 'मघाचंच आहे' असं कधी म्हणत नाही. गाभाऱ्यातली मूर्ती जागची हलत नाही, तरी तिचा प्रत्येक ठिपका सेकंदाला साठ वेळा नव्याने सांगितला जातो.

शिवाय केबलमधून जाणारं चित्र पडद्यापेक्षा मोठं असतं. १९२० बाय १०८० दिसतं, पण पाठवताना हिशोब २२०० बाय ११२५ चा असतो. कडेची ती जास्तीची पट्टी कधीच कुणाला दिसत नाही. ती आली काचेच्या फुगीर टीव्हींच्या काळातून. तेव्हा पडद्यामागे इलेक्ट्रॉनचा झोत एक ओळ रंगवून पुढच्या ओळीच्या सुरुवातीला परत यायचा, त्या परतीला वेळ लागायचा आणि तेवढी सवड चित्रातच ठेवलेली असायची. तो झोत गेला, त्या काचेच्या नळ्या भंगारात गेल्या, सवड राहिली. एचडीएमआय करणाऱ्यांनी ती वाया जाऊ दिली नाही: आवाज तिथून पाठवला. आरतीचा घंटानाद आणि सनईचे सूर टीव्हीपर्यंत येतात ते चित्राच्या या मोकळ्या पट्टीत बसून.

आता टीव्हीची बाजू. केबल खोचल्यावर चित्र यायला दोन-तीन सेकंद लागतात, पडदा एकदा लुकलुकतो. त्या वेळात लॅपटॉप टीव्हीची चौकशी करत असतो. एचडीएमआयच्या तोंडात डोकावून पाहिलं तर १९ बारीक पट्ट्या दिसतात. त्यातल्या १८ व्या पट्टीतून लॅपटॉप ५ व्होल्ट वीज टीव्हीकडे पाठवतो. टीव्ही १९ व्या पट्टीतून 'मी आहे' असा इशारा देतो. मग १५ आणि १६ या दोन पट्ट्यांवरून लॅपटॉप टीव्हीची ओळखचिठ्ठी वाचून घेतो. तिचं नाव ईडीआयडी. मूळ चिठ्ठी फक्त १२८ बाइटची. एवढ्यात मराठीची दोन-तीन वाक्यंही मावायची नाहीत. पण त्यात कंपनीची तीन अक्षरं आहेत, पडद्याची लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये आहे, कोणकोणत्या मापाचं चित्र झेपेल याची यादी आहे, अगदी जन्मसालही आहे. ते साल १९९० पासून मोजतात, म्हणून २०२४ चा टीव्ही स्वतःचं वर्ष ३४ असं सांगतो.

ही चिठ्ठी टीव्हीतल्या एका इवल्याशा चिपमध्ये असते, आणि ती चिप लॅपटॉपकडून आलेल्या त्या ५ व्होल्टवरही चालू शकते. त्यामुळे टीव्हीचा प्लग भिंतीतून काढून ठेवला, घरातली वीज गेली, तरी बहुतेक टीव्ही लॅपटॉपने विचारल्यावर आपलं नाव, गाव, माप सांगतात. पडदा काळा ठिक्कर, आणि आतून जबाब चालू.

एकाचे अनेक टीव्ही करताना अडचण येते ती इथे. नव्वदच्या दशकात केबलवाला एका वायरीला डबी लावून चार घरांना फाटे फोडायचा आणि ते चालायचं. सिग्नल थोडा क्षीण व्हायचा, मुंग्या दिसायच्या, बास. त्या काळी टीव्ही नुसता ऐकायचा, बोलत नव्हता. आता तो बोलतो. लॅपटॉपच्या एका तोंडाला दोन टीव्ही नुसत्या वाय केबलने जोडले, तर लॅपटॉप 'कोण आहे?' विचारतो आणि दोघंही एकाच पत्त्यावरून एकाच वेळी उत्तर देतात, कारण प्रत्येक टीव्हीतली ओळखचिप त्याच ठरलेल्या पत्त्यावर बसवलेली असते. कालवा होतो. शिवाय इतक्या वेगाचा सिग्नल फाट्यावर आपटून मागे उलटतो, ते वेगळंच. असल्या स्वस्तातल्या वाय केबली बाजारात सर्रास मिळतात आणि त्यांच्या पायी ऐन हळदीच्या दिवशी शूटिंगवाल्याची धावपळ होते.

म्हणून मध्ये स्प्लिटर नावाचा बहुरूपी बसवावा लागतो. गावात पोलिसाच्या वेशात दारात येऊन तुमच्या नावाचं वॉरंट वाचणारा बहुरूपी ज्यांनी बघितलाय, त्यांना स्प्लिटर लगेच कळेल. तो लॅपटॉपसमोर एका टीव्हीचं सोंग घेऊन उभा राहतो, आपली एकच चिठ्ठी दाखवतो, चित्र स्वतः घेतो; आणि मागच्या बाजूला चार किंवा आठ टीव्हींसमोर लॅपटॉपचं सोंग घेऊन तेच चित्र नव्या जोमाने प्रत्येकाला देतो. दोन्हीकडचे समाधानी. लॅपटॉपला शेवटपर्यंत वाटतं, आपल्याला एकच टीव्ही जोडलाय.

सोंग वठवताना पंचाईत होते ती चिठ्ठी कुणाची दाखवायची, याची. सहापैकी पाच टीव्ही नवे, फोर-के. सहावा स्वयंपाकघराजवळचा जुना, 'एचडी रेडी'. पुष्कळ स्प्लिटर सगळ्यांच्या चिठ्ठ्या वाचून सर्वांना झेपेल तेवढंच कबूल करतात. मग त्या एका जुन्या टीव्हीपायी सगळा मांडव धूसर दिसतो आणि दोष नव्या टीव्हींच्या माथी बसतो. जरा बऱ्या स्प्लिटरला बाजूला बारीक खटके असतात. त्यांनी चिठ्ठी आपण ठरवून देता येते. जुन्याला वेगळं काढणं हा आणखी सोपा उपाय, पण तो कार्यालयाच्या मालकाला पटायला हवा.

नवरा-नवरीच्या चित्राला कसलं कुलूप नसतं. विकतचा चित्रपट लावला की आणखी एक चौकी येते, एचडीसीपी. त्यात प्रत्येक टीव्हीला आपण सच्चे असल्याचा गणिती पुरावा द्यावा लागतो, आणि स्प्लिटरला सगळ्यांच्या वतीने. एखादा टीव्ही नापास झाला की बाकीचेही काळे पडू शकतात.

हे झालं एकच चित्र दाखवायचं. आता दुसरा प्रकार: एका टीव्हीवर स्टेज, दुसऱ्यावर साखरपुड्याचे फोटो, तिसऱ्यावर पाहुण्यांसाठी सूचना. इथे स्प्लिटरचा उपयोग शून्य. लॅपटॉपला वेगवेगळी चित्रं एकाच वेळी रचावी लागतात, आणि प्रत्येक चित्राला स्वतःचा ताल लागतो. फुल एचडीचा ताल सेकंदाला १४ कोटी ८५ लाख ठिपक्यांचा. तो धरणारं घड्याळ ग्राफिक्स कार्डात असतं, आणि घड्याळं मोजकीच असतात.

२००९ साली ग्राफिक्स कार्डवाल्या एएमडी कंपनीने आयफिनिटी ही सोय आणली. एका कार्डाला तीन, पुढे सहा पडदे. लोकांनी हौसेने कार्डं घेतली, दोन पडदे लागले, तिसरा काही केल्या लागेना. कार्डात एचडीएमआय आणि डीव्हीआय पद्धतीच्या पडद्यांसाठी घड्याळं दोनच होती. डिस्प्लेपोर्ट या नव्या पद्धतीच्या पडद्यांना मात्र सगळ्यांत मिळून एक घड्याळ पुरायचं, कारण त्यात चित्र अखंड धारेने न जाता छोट्या पुडक्यांतून जातं. मग डिस्प्लेपोर्टला एचडीएमआयचा अडॅप्टर लावला की काम झालं? इथेच मेख होती. बाहेरून हुबेहूब दिसणारे दोन अडॅप्टर मिळतात. पॅसिव्ह प्रकारातला कार्डाला खूण करतो, 'पलीकडे एचडीएमआय आहे, तूच त्या पद्धतीने बोल.' कार्ड बोलतं, आणि त्यात घड्याळ खर्ची पडतं. ॲक्टिव्ह प्रकारातला स्वतः दुभाषा होतो: कार्डापुढे डिस्प्लेपोर्टचा पडदा म्हणून उभा राहतो, पुडकी सोडवतो, स्वतःच्या तालावर टीव्हीला एचडीएमआय ऐकवतो. तिसरा पडदा या दुसऱ्याने लागायचा. आजही दोन्ही काउंटरवर शेजारी लटकलेले दिसतात. किमतीत बराच फरक असतो, आणि गिऱ्हाईक साहजिकच स्वस्तातला उचलतं.

माझ्या मते या सगळ्या मंडळींत खरा अवलिया यूएसबीचा अडॅप्टर. यूएसबी हे भोक चित्रासाठी नव्हतंच. माऊस, पेन ड्राइव्ह, प्रिंटर यांच्यासाठी होतं. त्याला टीव्ही जोडायचा, तर लॅपटॉपला आपल्याकडे आणखी एक ग्राफिक्स कार्ड असल्याचं भासवावं लागतं. डिस्प्लेलिंक नावाचं सॉफ्टवेअर नेमकं हेच करतं. मुळात नसलेला पडदा ते संगणकाच्या मेमरीत उभा करतं, त्यावर चित्र रंगवून घेतं, दाबून लहान करतं आणि पेन ड्राइव्हवर फाइल पाठवावी तसं यूएसबीतून सोडतं. दाबावं लागतंच: जुन्या यूएसबी २ चा वेग सेकंदाला ४८० मेगाबिट, आणि न दाबलेलं फुल एचडी चित्र जवळपास ३००० मेगाबिटचं. म्हणून जे बदललं तेवढंच पाठवायचं, ही इथली युक्ती. भावफलक, टोकन नंबर, जेवणाचा मेनू यांसारख्या निवांत चित्रांना हा उत्तम. पळतं चित्र आलं की सगळा भार प्रोसेसरवर येतो, लॅपटॉपचा पंखा घरघरायला लागतो आणि वरात अडखळत चालते.

आणि एक चिमुकलं सोंग राहिलंच. अंगठ्याएवढी एचडीएमआयची पिन, मागे केबल नाही, टीव्ही नाही. आत फक्त ओळखचिठ्ठीची चिप. ती खोचली की पडदा नसलेला संगणक समजतो की समोर झकास फोर-के टीव्ही आहे, आणि कुणीही बघत नसलेलं चित्र इमानेइतबारे रंगवत बसतो. पडद्याविना कपाटात ठेवलेले आणि दुरून चालवायचे संगणक अशा पिनेवर वर्षानुवर्षं चालतात.

पंगतीचा हॉल लांब असेल तर नवा प्रश्न. तांब्याची साधी एचडीएमआय केबल दहा-पंधरा मीटरनंतर दगा द्यायला लागते. आधी पडद्यावर चमचम ठिपके, मग सरळ 'नो सिग्नल'. मग इंटरनेटला वापरतात तीच कॅट-६ वायर ओढून दोन टोकांना दोन डब्या लावतात. एचडीबेसटी पद्धतीच्या डब्या फुल एचडी चित्र १०० मीटर नेतात, तेही जाणवण्यासारखा उशीर न करता. टीव्ही भरपूर असले, इमारती दोन असल्या, की चित्र दाबून नेटवर्कवर सोडतात आणि प्रत्येक टीव्हीमागची छोटी डबी ते उलगडते. हे सगळ्यांत मोकळंढाकळं. फक्त दाबायला आणि उलगडायला वेळ लागतो, कधी अर्धा सेकंद, कधी दोन.

तेवढ्यात लग्न लागून जातं. माईकचा आवाज तारेने क्षणात पंगतीच्या हॉलमध्ये पोचतो: 'सावधान', पाठोपाठ वाजंत्री. जेवायला आधीच बसलेले पाहुणे मान वर करतात, तर टीव्हीवर अंतरपाट अजून धरलेलाच. भटजींचे ओठ हलताहेत, अक्षता मुठीत आहेत, आणि इकडे बँड जोरात.

चित्राला घाई करता येत नाही. मग आवाजाला मागे ठेवावं लागतं. मिक्सरमध्ये आवाज ठरावीक वेळ अडवून मग सोडायची सोय असते. ती बसवायची रीत साधी: मुहूर्ताच्या आधी एकाने स्टेजवर माईकजवळ, कॅमेऱ्यासमोर टाळी वाजवायची, दुसऱ्याने पंगतीत टीव्हीकडे बघत फोनवर 'अजून थोडा... अजून थोडा...' सांगत राहायचं. अगदी तंतोतंत जुळवण्याची गरज नसते. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३५० मीटर जातो. म्हणजे स्पीकरपासून पस्तीस मीटर लांब बसलेल्याला तो तसाही एक दशांश सेकंद उशिरा पोचतो, आणि तेवढ्या वेळात टीव्हीने सहा चित्रं दाखवून टाकलेली असतात. हॉलच्या दोन टोकांना एकच जुळणी बसणं शक्य नसतं. शूटिंगवाले बहुधा मधल्या ओळीचा अंदाज धरतात. अगदी कडेच्या पाटावरच्यांना अंतरपाट जरा पुढेमागे झालेला चालतो, त्यांचं लक्ष जिलेबीकडे असतं.