एकाच खटक्याचा हट्ट

घरी बांधलेलं आर्केड कॅबिनेट पाहून या, असं संपादकांनी सुचवलं, आणि पुण्यातल्या एका हौशी इंजिनियरच्या घरी ते पाहायला मिळालं. पुरुषभर उंचीचं प्लायवूडचं कपाट, हाताशी दोन जॉयस्टिक आणि रंगीत बटणं, पोटात रास्पबेरी पाय नावाचा छोटासा संगणक, आणि समोर काचेमागे घरातलाच जुना एलसीडी टीव्ही. सुतारकाम सुबक होतं, पण मालकाने सगळ्यात आधी दाखवला तो मागच्या बाजूचा एक साधा खटका. तो दाबला की दिवे लागतात, संगणक चालू होतो आणि थोड्या वेळात पडद्यावर खेळांची यादी येते. रिमोटला कुणी हात लावत नाही. प्लाय कापण्यापेक्षा जास्त डोकं या टीव्हीने खाल्लं, असं त्याने सांगितलं. हे यंत्र आतून समजून घेतल्यावर मला त्याचं म्हणणं पूर्ण पटलं.

या खेळयंत्राचा जन्मच घरगुती टीव्हीच्या आधाराने झाला. १९७२ साली अटारी कंपनीत ॲल अल्कॉर्न या तरुण इंजिनियरने ‘पाँग’चा पहिला नमुना जोडला, तेव्हा पडदा म्हणून त्याने जवळच्या दुकानातून ७५ डॉलरला हिताचीचा कृष्णधवल टीव्ही आणला आणि लाकडी कपाटात बसवला. कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेल गावच्या एका बारमध्ये ते कपाट ठेवलं. लोकांनी इतकी नाणी टाकली की नाण्यांचा डबा तुडुंब भरून यंत्र अडलं. पुढे १९७८ मध्ये ‘स्पेस इन्व्हेडर्स’ आणि १९८० मध्ये ‘पॅक-मॅन’ आले, तोवर कारखान्यातून येणाऱ्या यंत्रांत खास मॉनिटर बसू लागले होते. पार्लरवाल्याला एकच काम: सकाळी वीज द्यायची, रात्री तोडायची. मॉनिटरला वेगळं विचारावं लागत नसे. वीज आली की चित्र आलं. १९९७ मध्ये निकोला साल्मोरिया या इटालियन प्रोग्रामरने ‘मेम’ हा प्रोग्राम आणला, जुने खेळ साध्या संगणकावर चालू लागले आणि जगभरच्या हौशी मंडळींनी घरी कपाटं ठोकायला घेतली. २०१२ मध्ये आलेल्या रास्पबेरी पायने तर संगणकाचा खर्च आणि आकार दोन्ही अगदी खाली आणले. राहिला प्रश्न टीव्हीचा.

आपल्याकडच्या जुन्या टीव्हीला ठसठशीत बटण असायचं. ते दाबलं की आत जाऊन तिथेच अडकायचं आणि विजेची वाट उघडी राहायची. भिंतीवरून वीज घालवली आणि परत दिली, तरी बटण आतच असल्यामुळे टीव्ही पुन्हा लागायचा. रिमोट आला आणि ही व्यवस्था बदलली. रिमोटची खूण ऐकायची तर टीव्हीचा काही भाग सतत जागा हवा. म्हणून स्टँडबायचा लहानसा वीजपुरवठा आणि त्यावर चालणारी एक चिप आली, तीच लाल दिव्यामागे बसलेली असते. आजचं पॉवर बटण वीज जोडत नाही, ते त्या चिपला फक्त विनंती करतं. वीज गेली आणि परत आली की पुढे काय करायचं हे ती चिप आपल्या प्रोग्रामनुसार ठरवते, आणि बरेचसे टीव्ही स्टँडबायमध्ये थांबणं पसंत करतात. घरात माणूस आहे, त्याच्या हातात रिमोट आहे, हे त्यांनी गृहीत धरलेलं आहे. कपाटात बंद झालेल्या टीव्हीसमोर तसा माणूस नसतो.

वाटा चार आहेत. पहिली सगळ्यात स्वच्छ: टीव्हीच्या छुप्या मेनूत जाणं. काही कंपन्या हॉटेलांसाठी एक खास मेनू ठेवतात. वीज आल्यावर स्टँडबाय, आधीची स्थिती किंवा थेट चालू, यातला पर्याय त्यात निवडता येतो. तो मिळाला तर काम तिथेच संपलं.

दुसरी वाट बटणाची, आणि मला सगळ्यात जास्त मोहवलं ते तिने. टीव्हीच्या कडेला जे छोटं बटण असतं, ते दोन बिंदू क्षणभर जोडतं, एवढंच त्याचं काम. त्या दोन बिंदूंना एक कपॅसिटर डाग देऊन जोडायचा. रिकामा कपॅसिटर वीज येताच सुरुवातीला जोडलेल्या तारेसारखा वागतो, म्हणून चिपला वाटतं की कुणीतरी बटण दाबलं आहे. तो भरत जातो तसा विजेचा दाब चढतो आणि चिपला वाटतं की बोट उचललं. १० किलोओमचा रोध आणि १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असेल तर हे ‘बोट’ सेकंदाच्या आसपास टेकलेलं राहतं. प्रोग्राम नाही, संगणक नाही. एक स्वस्त सुटा भाग माणसाच्या बोटाचं काम करतो, याचं मला खरंच कौतुक वाटतं.

तिसरी वाट रिमोटचीच नक्कल करण्याची. संगणकाला एक इन्फ्रारेड एलईडी जोडून तो टीव्हीच्या डोळ्यासमोर चिकटवायचा. पुष्कळ रिमोट वापरतात ती एनईसी पद्धत पाहा: सेकंदाला ३८ हजार वेळा लुकलुकणारा प्रकाश आधी ९ मिलिसेकंद, मग ४.५ मिलिसेकंद अंधार, त्यानंतर ३२ बिट. त्यात यंत्राचा पत्ता आणि आज्ञा असते, आणि पडताळणीसाठी दोन्हींची उलट प्रतही. चौथी वाट एचडीएमआय केबलमधूनच जाते. तिच्या १३ क्रमांकाच्या पिनवर सीईसी नावाची एक सावकाश चालणारी संदेशवाहिनी असते. तिथे टीव्हीचा पत्ता शून्य. रास्पबेरी पाय त्या पत्त्यावर ‘चालू हो’ असा निरोप पाठवू शकतो.

कागदावर चारही वाटा सरळ दिसतात. अडचणी प्रत्यक्षात उतरल्यावर भेटतात.

रिमोटच्या पॉवर बटणाची आज्ञा बहुधा एकच असते: बंद असेल तर चालू, चालू असेल तर बंद. टीव्ही आधीच लागलेला असताना ती गेली तर तो विझतो. सीईसीची आज्ञा या बाबतीत सरळ आहे, पण ती सोय मेनूत चालू असावी लागते. सॅमसंग तिला ॲनीनेट प्लस म्हणते, एलजी सिम्पलिंक, सोनी ब्राव्हिया सिंक. शिवाय वीज नुकतीच आलेली असताना चिप स्वतःच अजून सावरत असते. निरोप लवकर गेला तर तो वाया जातो, म्हणून मुद्दाम काही सेकंद थांबून पाठवावा लागतो.

कपॅसिटरची युक्तीही सगळीकडे चालत नाही. अनेक टीव्हींत पॉवर, आवाज आणि चॅनेलची बटणं एकाच तारेवर असतात, आणि कुठलं दाबलं हे चिप विजेच्या दाबावरून ओळखते. कपॅसिटर भरताना दाब हळूहळू चढतो आणि वाटेत इतर बटणांच्या दाबांवरूनही जातो. अशा वेळी बटण झटकन जोडून झटकन सोडणारा रिलेच लावावा. खटका बंद करून लगेच चालू केला तर कपॅसिटर रिकामाच झालेला नसतो आणि टीव्ही निमूट बसून राहतो. स्पर्शाने चालणाऱ्या बटणांवर तर ही युक्ती लागूच पडत नाही.

टीव्ही लागला तरी काम संपत नाही. संगणक आधी जागा झाला आणि टीव्ही तेव्हा झोपलेला असला, तर पडदा जोडलेलाच नाही असं समजून तो चित्र पाठवत नाही. पडदा आहेच असं धरून चालण्याची सूचना त्याला आधी द्यावी लागते. स्मार्ट टीव्ही लागतो तो थेट जाहिरातींच्या मुखपृष्ठावर, एचडीएमआयवर नाही. खटका ओढून संगणकाची वीज अचानक तोडली तर मेमरी कार्डावरच्या फाइली बिघडू शकतात, म्हणून त्याला आधी रीतसर बंद होऊ द्यावं लागतं.

वीज सारखी जाणाऱ्या भागात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. घरी कुणी नसताना वीज परत आली की आपोआप लागणारा टीव्ही खरोखरच आपोआप लागतो. म्हणून बाहेर पडताना कपाटाचा मुख्य खटका बंदच असायला हवा.

काळजीची सर्वांत मोठी बाब टीव्ही उघडण्याची आहे. २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट जमतात, आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ टिकू शकतात. जुन्या रंगीत पिक्चर ट्यूबवर तर २० हजार व्होल्टच्या वर दाब असतो. टीव्ही दुरुस्तीचा हात नसलेल्याने बटणाच्या वाटेला जाऊच नये. त्याच्यासाठी मेनू, एलईडी आणि सीईसी या तीन वाटा आहेत, आणि त्यांत टीव्हीचं झाकण काढावं लागत नाही.

वीज आल्यावर काय करायचं हा पर्याय बहुतेक ठिकाणी एका ओळीचा प्रश्न आहे, आणि काही टीव्हींत तो तयारही असतो, फक्त लपवलेला. तो उघड्या मेनूत ठेवायला कंपन्यांना फारसं काही पडू नये. दुकानाच्या काचेतला पडदा, बसस्थानकावरचा फलक, शाळेतला वर्ग, सगळ्यांना तो उपयोगी पडेल. कंपन्यांनी तो ग्राहकाच्या हाती द्यावा. तोवर कपाट बांधणाऱ्यांना एवढंच सांगणं: प्लायला करवत लावण्याआधी टीव्ही चालू ठेवून त्याचा प्लग काढा, मिनिटभराने परत लावा. चित्र आपोआप आलं तर तोच टीव्ही निवडा, दोन-चार इंच लहान असला तरी.