जाहिरातीसाठी गीतवापरास नकार
आपले गीत, चाल अथवा ध्वनिमुद्रण एखाद्या मालाच्या जाहिरातीत वापरू देण्यास गीतकार, संगीतकार किंवा गायकाने दिलेल्या नकारास ही संज्ञा लावली जाते. हा नकार अंतिम ठरण्यासाठी त्या कृतीचे हक्क कलावंताकडे असावे लागतात. भारतीय चित्रपटगीतांच्या बाबतीत बहुधा तसे नसते.

भारतीय कायदा
मोबदला घेऊन चित्रपटासाठी रचलेल्या गीत-संगीताचा पहिला मालक, उलट करार नसल्यास, निर्माता असतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये दिला. प्रताधिकार अधिनियमातील २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांना स्वामित्वधनात समान वाटा मिळाला. मात्र स्वामित्वधन मिळणे आणि नकार देता येणे या भिन्न गोष्टी आहेत. त्यांची गल्लत नेहमी होते. हक्क विकल्यानंतरही कलम ५७ अन्वये, कृतीच्या विकृतीमुळे प्रतिष्ठेस बाधा येत असेल, तर कर्ता दाद मागू शकतो.

आवाजाची नक्कल
गीत मिळाले नाही, तर आवाजाची नक्कल करण्याची पळवाट जाहिरातदार शोधतात. जाहिरातींना ठाम विरोध असलेले अमेरिकी गायक टॉम वेट्स यांच्या आवाजाची नक्कल फ्रिटो-ले कंपनीने १९८८ मध्ये चिप्सच्या जाहिरातीत वापरली. वेट्स यांना वीस लाख डॉलरहून अधिक भरपाई मिळाली. अपील न्यायालयाने १९९२ मध्ये निकाल मुख्यतः कायम ठेवला. मुंबई उच्च न्यायालयाने अरिजित सिंग (२०२४) व आशा भोसले (२०२५) यांच्या आवाजाच्या, कृत्रिम बुद्धिमत्तेने केलेल्या विनापरवाना नकलांविरुद्ध अंतरिम संरक्षण दिले.

लोकगीते
धाराशिव जिल्ह्यातील तुळजापूर येथे तुळजाभवानीच्या उपासनेत गोंधळी संबळ-तुणतुण्याच्या साथीने गातात. आराध्यांचीही स्वतंत्र गाणी आहेत. त्यांतील परंपरागत गीतांचा कर्ता अज्ञात असल्याने प्रताधिकाराचा धनीच नाही. अशा गीताची चाल साबणाच्या जाहिरातीत आली, तरी नकार देण्याचा कायदेशीर अधिकार कोणाकडेही नसतो. पिढ्यान्‌पिढ्या ते जपणाऱ्यांवर हा अन्यायच म्हणावा लागेल.
प्रत्यक्ष गायनाचे मात्र तसे नाही. गोंधळ्याच्या सादरीकरणावर त्याचा स्वतःचा, पन्नास वर्षे टिकणारा सादरकर्त्याचा हक्क असतो. म्हणून ध्वनिमुद्रणास संमती देताना ती कोणत्या वापरापुरती आहे, हे लेखी नोंदवावे लागते. हस्तांतरणाच्या करारात मुदत व प्रदेश नमूद नसल्यास ते पाच वर्षांपुरते आणि भारतापुरतेच मानले जाते.