शेरीनाल्याच्या उलट दिशेने

सांगलीत वसंतदादा पाटील यांच्या समाधीजवळ शेरीनाला कृष्णेला मिळतो. या नाल्याचा प्रश्न ऐकत सांगलीकरांच्या दोन पिढ्या मोठ्या झाल्या. मुळात हा पावसाचे पाणी वाहून नेणारा ओढा. शहर वाढले, काठच्या शेतांचे प्लॉट पडले आणि सांडपाणी त्यात उतरू लागले. हे पाणी अडवून, उपसून धुळगावला न्यायचे आणि शुद्ध करून शेतीला द्यायचे, अशी योजना झाली. ती चांगलीच आहे. पण पंप बंद पडले की नाला पुन्हा नदीत जातो. आणि पंप चालू असले, तरी रात्रीच्या अंधारात या नाल्यात कोण काय ओतून जाते, हा प्रश्न उरतोच.

चोरून सोडलेली घाण घरगुती सांडपाण्यासारखी नसते. शुद्धीकरण केंद्रात खरे काम जिवाणू करतात. गॅरेजमधले जळके ऑइल किंवा धातूकामातले आम्ल त्या जिवाणूंनाच मारते. सरकारी नियमांत वापरलेले ऑइल घातक कचऱ्यात मोडते. तरीही गॅरेजसमोरच्या जाळीत ते ओतले जाते, कारण जाळी दोन पावलांवर असते आणि विचारणारे कोणी नसते.

एका टँकरचे गणित

उसाच्या या पट्ट्यात मळीचे पाणी नवे नाही. मळीपासून मद्यार्क करणाऱ्या प्रकल्पात एक लिटर मद्यार्कामागे साधारण 8 ते 15 लिटर काळपट सांडपाणी निघते. पाण्यातली घाण कुजताना किती ऑक्सिजन खाईल, याचे माप म्हणजे बीओडी. घरगुती सांडपाण्यात ते लिटरला 200 ते 300 मिलिग्रॅम असते. मद्यार्काच्या सांडपाण्यात 40 हजारांच्या पुढे जाते. नदीत सोडायच्या पाण्याची मर्यादा आहे 30.

आता 10 हजार लिटरचा एकच टँकर ओढ्यात रिकामा झाला असे धरू. लिटरला 40 हजार मिलिग्रॅमच्या हिशेबाने त्याला 400 किलो ऑक्सिजन लागेल. स्वच्छ नदीच्या एक लिटर पाण्यात ऑक्सिजन असतो जेमतेम 8 मिलिग्रॅम. म्हणजे एक टँकर 5 कोटी लिटर पाण्यातला सगळा ऑक्सिजन संपवू शकतो. उन्हाळ्यात कृष्णेची धार बारीक होते, तेव्हा माशांना पळायला जागाच राहत नाही. मार्च 2023 मध्ये अंकलीजवळ मेलेल्या माशांचा खच पडला आणि कृष्णेच्या प्रदूषणाचे गाऱ्हाणे राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेले.

हा प्रश्न एकट्या सांगलीचा नाही. साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याकडून उतरणारे ओढे वेण्णेकडे जातात आणि वेण्णा संगम माहुलीला कृष्णेत मिसळते. साताऱ्याच्या ओढ्यात पडलेले पुढे सांगलीकडेच वाहते. नदी एक असली, तरी प्रदूषण नियंत्रण मंडळाचे सातारा कार्यालय पुणे विभागात येते आणि सांगलीचे कोल्हापूर विभागात.

नाले उलटेही वाहतात. ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी साडेसत्तावन्न फुटांवर गेले. धोक्याची पातळी आहे 45 फूट. असा पूर येतो तेव्हा नदी याच नाल्यांतून सखल वस्त्यांत शिरते. आपण नाल्यात सोडलेले तेव्हा आपल्याच उंबऱ्याच्या आत येते.

कायदा आहे, पुरावा नाही

1974 च्या जल प्रदूषण कायद्याचे कलम 24 प्रवाहात घाण सोडायला मनाई करते. प्रवाहाच्या व्याख्येत त्या वेळी कोरडा असलेला ओढाही येतो, त्यामुळे ‘नाल्याला पाणीच नव्हते’ ही सबब चालत नाही. कलम 33-अ नुसार कारखान्याची वीज आणि पाणी तोडता येते. अडते ते पुराव्यापाशी. कलम 21 प्रमाणे नमुना घ्यायचा तर संबंधिताला तिथेच नोटीस द्यावी लागते, आणि त्याने मागणी केली की नमुन्याचे दोन भाग करून सीलबंद करावे लागतात. पहाटे तीनला टँकर मोकळा करून निघून गेलेल्याला नोटीस द्यायची कुठे? सकाळी हाती लागते ते फेसाळ पाणी, आणि ते कोणाचे हे सांगता येत नाही.

म्हणून शोध मुखापासून उगमाकडे घ्यायला हवा. पावसाळा सरून महिना झाला, तरी पावसाळी गटारातून पाणी वाहत असेल, तर ते पावसाचे नाही. त्या गटाराचे एकेक झाकण वरच्या अंगाने उघडत जायचे. जिथे वरचे चेंबर कोरडे आणि खालचे ओले, त्या दोहोंच्या मधेच चोरजोडणी असते. याला मोठी यंत्रे लागत नाहीत. गटारांचा खरा नकाशा, पहार आणि चिकाटी एवढे पुरते.

वाईने दाखवलेली वाट

चोरी पकडण्यापेक्षा चोरीचे कारणच काढून घेणे अधिक शहाणपणाचे, आणि त्याचा धडा सातारा जिल्ह्यातच मिळतो. सेप्टिक टँक उपसणारा टँकरवाला मैला ओढ्यात सोडतो, कारण लांब जाण्यात त्याचे डिझेल जाते आणि पैसे तर त्याला घरमालकाकडून आधीच मिळालेले असतात. वाई नगरपालिकेने 2018 मध्ये ही घडीच बदलली. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाच्या साहाय्याने तिथे दर तीन वर्षांनी प्रत्येक टाकी ठरल्या वेळी उपसण्याची पद्धत सुरू झाली. उपशाच्या वेळी घरमालक वेगळे पैसे देत नाही. खर्च करातून भागतो आणि ठेकेदाराला कामाच्या हिशेबाने पैसे मिळतात. मैला जातो शुद्धीकरण केंद्रात. ओढ्यात सोडून वाचवण्यासारखे काही उरतच नाही.

हेच जळक्या ऑइलला लावता येईल. प्रत्येक प्रभागात संकलनाचे एक ठिकाण ठेवावे आणि पावती दाखवल्याशिवाय गॅरेजच्या परवान्याचे नूतनीकरण करू नये. मळीच्या टँकरला जीपीएस लावावा; भरल्याची आणि रिकामा झाल्याची नोंद जुळली पाहिजे. कॅनडात 1991 पासून ‘यलो फिश रोड’ उपक्रमात मुले गटाराच्या जाळीजवळ पिवळा मासा रंगवतात, म्हणजे हे पाणी थेट माशांकडे जाते हे येणाऱ्या-जाणाऱ्याला कळते. सांगली-साताऱ्याच्या शाळांना हे एका शनिवारी जमेल.

शेरीनाल्याच्या मुखाशी आजवर पुष्कळ पैसा ओतला गेला. त्याचा छोटासा वाटा पुढच्या अंदाजपत्रकात वरच्या चेंबरांसाठी, रात्रीच्या गस्तीसाठी आणि वाईसारख्या ठरलेल्या उपशासाठी ठेवावा. सातारा, कराड आणि सांगलीच्या पालिकांनी वर्षातून एकदा एका टेबलाशी बसून आपापल्या ओढ्यांचा हिशेब मांडावा. आणि तो हिशेब नागरिकांनी मागावा, कारण ही नदी रोज आपल्या नळाला येते.