पोरांना धुऱ्यावर चालू द्या!

शेतकरी बंधू-भगिनींनो, आज बोंडअळीचं बोलणार नाही, खताचंही नाही. ते नेहमीचंच आहे. आज तुमच्या घरातल्या पहिली ते चौथीतल्या पोरांबद्दल बोलायचं आहे. शेतीखात्याचा माणूस पोरांच्या खेळावर कशाला लिहितो, असं तुम्ही म्हणाल. त्याचं कारण आधी सांगतो.

गेल्या पावसाळ्यात नागपूरपासून तीसेक किलोमीटरवरच्या एका गावात कामगंध सापळ्यांची माहिती द्यायला गेलो होतो. सभा शाळेच्या व्हरांड्यात होती. माणसं जमेपर्यंत पोरांचा खेळ पाहत बसलो. तिसरीतली एक पोरगी भिंतीला टेकून एकटीच बसली होती.

"तू काऊन नाही खेळत बाई?"

"मी पडतो ना जी," ती म्हणाली.

मग गुरुजींनी सगळं सांगितलं. बाप सालदार. घर नाल्यापलीकडे. नाल्यावर सिमेंटचा एक जुना खांब आडवा टाकलेला, गावची माणसं त्यावरूनच ये-जा करतात. पोरगी त्याला भिते. फिरून यायचं तर दीड किलोमीटर जास्त. बाप वावरात, माय निंदणाला. सोबत कोणी नसलं की शाळा बुडते. "पाऊस आला का हिची गैरहजेरी लागलीच समजा," गुरुजी म्हणाले.

त्यांनी तिला उठवलं आणि एका पायावर उभं केलं. बगळ्यासारखी उभी राहिली. पळायला सांगितलं, तर चांगली पळाली. मग म्हणाले, "पळता पळता टाळी वाजली की थांब." टाळी वाजली आणि पोरगी तोंडघशी!

मंडळी, मेख इथंच आहे. तोल सांभाळणं ही एक गोष्ट, चालणं-पळणं ही दुसरी. दोन्ही वेगवेगळ्या येतात म्हणून एकत्र येतीलच असं नाही. गोऱ्हा उभा राहतो, गोऱ्हा चालतो, म्हणून त्याला पहिल्याच दिवशी डवऱ्याला जुंपता का? आधी जुन्या बैलासोबत मोकळा फिरवता, मग हलकं काम देता. पोरांचंही तसंच. तोल आणि चाल यांची जोडी जुंपायला शिकवावी लागते.

शरीराचा तोल तीन राखणदार सांभाळतात. एक कानाच्या आत. तिथं द्रव भरलेल्या बारीक नळ्या असतात, डोकं कुठं वळलं ते त्या सांगतात. दुसरा राखणदार डोळे. तिसरा म्हणजे तळपाय, सांधे आणि स्नायू. तिघांच्या खबरी मेंदूकडे जातात आणि मेंदू मेळ घालतो. उभं असताना खबर फारशी बदलत नाही. पळताना, वळताना, उडी मारताना ती क्षणाक्षणाला बदलते. हा मेळ घालणं सरावानं जमतं, आणि प्राथमिक शाळेचं वय या सरावाला फार चांगलं.

आणखी एक गोष्ट तुम्हाला माहीतच आहे. कापसानं शीग भरलेली बंडी वळणावर कलंडते, पण बुडाशी ओझं असलेली बंडी कलंडत नाही. पोरानं गुडघे वाकवले की त्याचंही ओझं खाली येतं. म्हणून थांबताना आणि उडीवरून उतरताना गुडघे मऊ ठेवायचे. आमची ती पोरगी पाय ताठ ठेवून थांबायची, म्हणून पडायची.

शिकवायचं कसं?

सामान काहीच लागत नाही. चुन्याची फक्की, विटा, एखादा ओंडका आणि रोजची पंधरा-वीस मिनिटं. गुरुजींनी त्या पावसाळ्यात घेतलेला क्रम सांगतो.

पहिली पायरी, जागेवरचा तोल. एका पायावर दहा आकडे मोजेपर्यंत उभं राहायचं, मग दुसऱ्या पायावर. जमलं की डोळे मिटून. डोळे मिटले की किती अवघड जातं ते स्वतः करून पाहा!

दुसरी पायरी, रेघ. फक्कीची सरळ रेघ मारायची. टाचेला बोट लावत तीवरून जायचं, मग उलटं यायचं. नजर पायाखाली नको, चार पावलं पुढे. जमलं की हातात पाण्यानं अर्धा भरलेला गडवा द्यायचा. पाणी सांडायचं नाही.

तिसरी पायरी, चाल आणि थांबा. पळायचं, टाळी वाजली की पुतळा व्हायचं. उडी मारायची, दोन पायांवर उतरायचं आणि तीन आकडे हलायचं नाही. तोल आणि चाल खऱ्या अर्थानं इथं जुंपली जाते. घाई करू नका. आमच्या पोरीला या पायरीवर तीन आठवडे लागले.

चौथी पायरी, उंची. वीतभर उंच ओंडका पक्का रोवायचा. त्यावरून चालायचं, मधे वळायचं, मग चालता चालता चेंडू झेलायचा. शेताचा रुंद, कोरडा धुराही चालतो.

एक नियम पक्का लक्षात ठेवा. एका वेळी एकच गोष्ट अवघड करा. रेघ अरुंद केली तर वेग वाढवू नका. वेग वाढवला तर उंची वाढवू नका. ज्याला जमत नाही त्याला रुंद रेघ द्या, पण खेळाबाहेर बसवू नका. आणि पडणाऱ्याला हसू देऊ नका. पडण्यापेक्षा हसण्याचीच भीती पोरांना जास्त असते.

आपल्याकडे हे होतंच की!

हे काही परदेशातून आणलेलं नाही. लंगडी म्हणजे काय? एका पायाचा तोल आणि त्यावर पाठलाग. फक्त अर्धा वेळ डावा पाय आणि अर्धा वेळ उजवा, एवढं पाहा. आट्यापाट्यांत नऊ पाट्या ओलांडताना भरधाव पळायचं, हुलकावणी द्यायची आणि पाटीवर पाय रोखायचा, सगळं एकदम. झाडीपट्टीत पावसाळ्याच्या चिखलात पोरं गेडीवर चालतात. छत्तीसगडनं 2022 मध्ये गावोगावच्या खेळांच्या स्पर्धा भरवल्या, तेव्हा त्यांत गेडीची शर्यतही ठेवली. शेजारच्या अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 पासूनचं. त्यांच्या पथकानं 1936 साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळ करून दाखवले होते.

मग अडतं कुठं? शाळेत खेळाचा तास गणिताला जातो, आणि घरी पोरगं मोबाइल घेऊन बसतं. बालभारतीनं 'खेळू, करू, शिकू' नावाचं पुस्तकच काढलं, पण पुस्तक वाचून तोल येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं 2020 मध्ये सांगितलं की 5 ते 17 वर्षांच्या मुलांना दिवसाला सरासरी 60 मिनिटं दमवणारी हालचाल हवी. आपल्या घरी किती होते, ते मोजून पाहा.

काळजीही घ्या. जागा कोरडी, बिनदगडाची असावी. उंचीखाली माती भुसभुशीत करा किंवा रेती टाका. सराव करूनही पोर सतत पडत असेल, चक्कर येते म्हणत असेल, तर त्याला धांदरट म्हणू नका. डोळे आणि कान तपासून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं, त्यांना दाखवा.

त्या पोरीचं काय झालं?

तान्ह्या पोळ्याला मी पुन्हा त्या गावात गेलो. पोरं लाकडी नंदी ओढत निघाली होती. गुरुजी मूळचे साकोलीकडले, त्यांनी गावाहून गेड्या आणल्या होत्या. पायठाण जमिनीपासून वीतभरच वर. पोरगी गेडीवर चढली, सात-आठ पावलं टाकली, डगमगली आणि गुडघे वाकवून नीट खाली उतरली. पडली नाही. बाप बाजूला उभा होता. म्हणाला, "साहेब, आता लंगडीत इले कोणी बाहेर नाही बसवत."

नाल्यावरच्या खांबाचं विचाराल, तर ती आता त्यावरून येते, पण पाणी कमी असलं तरच, आणि कोणी मोठं माणूस सोबत असलं तरच. तसंच गुरुजींनी तिला बजावलं आहे. पोरीला तोल शिकवला म्हणून गावाची जबाबदारी संपत नाही. ओल्या खांबावर मोठा माणूसही घसरतो. तिथं कठड्याचा पूल व्हायलाच हवा. तो विषय ग्रामसभेत दोनदा निघाला, अजून पूल झालेला नाही.

तेव्हा वाचकहो, दोन कामं करा. उद्या संध्याकाळी अंगणात फक्कीची रेघ मारा आणि पोरांसोबत तुम्हीही तीवरून चाला. आणि पुढच्या ग्रामसभेला हजर राहा. तुमच्या गावातलं कोणतं पोर कोणत्या खांबावरून शाळेत येतं, ते तिथं उभं राहून विचारा.