बंदूक, फासकी आणि रानडुक्कर

भाद्रपद सरत आला की कोकणातल्या भाताच्या लोंब्या दुधात येतात आणि त्याच सुमारास रात्री डुकरांचे कळप शेतात उतरू लागतात. डुक्कर लोंबी तोंडात धरून ओढतं, दाण्यातलं दूध चोखतं, चोथा टाकतं आणि पुढे सरकतं. पोटात जातं त्याच्या कितीतरी पट पायाखाली जातं. गांडुळं आणि कंद शोधताना बांध उकरले जातात, मग खाचरात पाणी ठरत नाही. सकाळी शेतकऱ्याच्या वाट्याला आडवं झालेलं भात, फुटलेला बांध आणि चिखलात उमटलेले खूर एवढंच उरतं. शेताभोवती जुनी लुगडी बांधणं, डबे वाजवणं, फटाके फोडणं, माळ्यावर जागत राखण करणं, हे सगळं करून झालेलं असतं. जनावर चार दिवस बिचकतं आणि पाचव्या दिवशी येतंच.

डुकरं एवढी का वाढली, याचं उत्तर जंगलाइतकंच गावातही आहे. तरणी माणसं मुंबई-पुण्याला गेली आणि शेतं पड राहिली. त्यांत रानमोडी आणि घाणेरीची जाळी माजली. पूर्वी कळपाला डोंगरातून उतरून यावं लागे, आता तो खाचराच्या कडेलाच दिवसभर दडून राहतो. पश्चिम महाराष्ट्रात हाच आसरा उसाने दिला. मादी सुमारे चार महिन्यांत विते आणि एका वेताला चार-सहा पिल्लं देते. खाणं भरपूर आणि लपण शेजारीच असेल, तर त्यातली बरीच जगतात.

एके काळी शिकारीला परवाने मिळत. मुंबई राज्याने 1951 मध्ये वन्य प्राणी आणि वन्य पक्षी संरक्षणाचा कायदा केला, त्यातही परवान्यावर शिकारीची सोय होती. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ती आवळली आणि 1991 च्या दुरुस्तीने जवळपास बंदच केली. उंदीर, घुशी, कावळे आणि फळं खाणारी वटवाघळं तेवढी उपद्रवी प्राण्यांच्या पाचव्या अनुसूचीत उरली. 2022 च्या दुरुस्तीने ती अनुसूचीही गेली. शेतात ससा मारला तरी आज गुन्हाच होतो. रानडुकरासाठी मात्र कायद्याने एक वाट ठेवली आहे. कलम 11 प्रमाणे उभ्या पिकाला धोका असेल, तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी कारणं नोंदवून लेखी परवानगी देऊ शकतो. मारलेलं जनावर सरकारचं. परवानगीशिवाय मारलं, तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो.

कागदावर वाट आहे, पण तिच्यावरून चालायला लागते बंदूक. 1959 च्या शस्त्र कायद्यात पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा स्वतंत्र उल्लेख आहे आणि कोकणात असे परवाने बापाकडून मुलाकडे आलेले दिसतात. ही बंदूक भरायची म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर चिंधीचा बोळा घालायचा, गजाने ठासायचं, मग छर्रे किंवा शिशाची गोळी, पुन्हा बोळा आणि शेवटी केप. एक बार निघाला की हे सगळं पहिल्यापासून. थोडं अंतर वाढलं की नेमाचा भरवसा संपतो आणि जखमी डुक्कर माणसावर उलटतं. शिवाय निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. विधानसभेचं मतदान 2014 आणि 2019 मध्ये ऑक्टोबरात झालं, 2024 मध्ये नोव्हेंबरात. भात पिकून कापणीला येतं ते नेमकं याच दिवसांत.

मग माणूस दुसरीकडे वळतो. दुचाकीच्या क्लचची तार स्वस्तात मिळते, तिची फासकी होते. कुंपणात विजेचा प्रवाह सोडला जातो. आमिषात गावठी बॉम्ब ठेवले जातात. फासकीत डुकराऐवजी बिबट्या कमरेला आवळला जातो आणि तडफडून मरतो. विदर्भात विजेच्या तारांनी वाघ मारले, माणसंही मारली. बॉम्ब गुरांचे जबडे फोडतो. चोरून केलेल्या शिकारीत माणसाचा जीव जातो तो वेगळाच. 2025 च्या सुरुवातीला पालघर जिल्ह्यात रानडुक्कर समजून आपल्याच साथीदारावर गोळी झाडली गेली, तो दगावला आणि प्रकार दडवण्याचा प्रयत्न झाला.

सरकारने टोकाचे उपायही करून पाहिले. 2015-16 मध्ये केंद्राने बिहारमध्ये नीलगाय आणि रानडुक्कर, उत्तराखंडात रानडुक्कर आणि हिमाचलात माकड यांना ठरावीक काळासाठी उपद्रवी घोषित केलं. बिहारच्या मोकामा भागात काही दिवसांत दोनशेच्या वर नीलगायी मारल्या गेल्या आणि त्यावरून मनेका गांधी आणि प्रकाश जावडेकर हे एकाच सरकारमधले दोन मंत्री जाहीरपणे भिडले. केरळने 2022 मध्ये वेगळी वाट धरली. पंचायतीच्या प्रमुखांना मानद वन्यजीव रक्षक नेमून पिकात शिरलेलं डुक्कर मारण्याची परवानगी देण्याचा अधिकार दिला. विष, स्फोटकं आणि विजेचा वापर वर्ज्य ठेवला. परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ तर याच्याही पुढे जाऊन स्वीडन-नॉर्वेसारख्या देशांतल्या नियंत्रित शिकारीचा दाखला देत आणि आपला 1972 चा कायदाच मुळातून तपासावा असं म्हणत.

गाडगीळांचं सगळंच पटायला हवं असं नाही. सरसकट मोकळीक दिली तर डुकराच्या नावाखाली भेकर आणि ससा मरेल, मांसाचा धंदा उभा राहील. पण आजची अडचणच एवढी की सरळ माणूस परवानगीच्या चिठ्ठीची वाट पाहत पीक घालवतो आणि निर्ढावलेला रात्री तार लावून मोकळा होतो. बंदूक धरणारा माणूस समोरचं जनावर बघतो, पिल्लांची मादी असेल तर हात आवरू शकतो. तार काहीच बघत नाही. बंदुकीला कायदेशीर वाट नाकारणं म्हणजे फासकीला मोकळं रान देणं.

म्हणून मागणी सरळ आहे. परवानगी तालुक्याच्या पातळीवर, पीक उभं असतानाच मिळावी. प्रशिक्षित, परवानाधारक नेमबाजांची यादी ग्रामपंचायतीत असावी. मारलेल्या प्रत्येक जनावराचा पंचनामा व्हावा आणि नोंद सर्वांना पाहता यावी. शेतीसंरक्षणाची बंदूक निवडणुकीत सरसकट जमा न करता परवानाधारकाची पार्श्वभूमी पाहून निर्णय व्हावा. पड जमिनींतली जाळी साफ करणं आणि सामुदायिक कुंपण घालणं हे काम गावाचं, ते गावाने उचलावं. आणि फासकी, वीज, बॉम्ब यांना गावातूनच बंदी हवी. वन खातं प्रत्येक बांधावर पोचू शकत नाही, पण तार कोणी लावली हे वाडीला माहीत असतं. येत्या ग्रामसभेत हा ठराव मांडा.