आईच्या मेंदूचा फोटो

दिवसभर एसीच्या अंधाऱ्या खोलीत बसून ब्लॅक अँड व्हाइट पिक्चर बघायची आणि त्यांची स्टोरी लिहून द्यायची, असा माझा जॉब आहे. म्हणजे मी रेडिऑलॉजिस्ट! गुडघे, मणके, पोट, सगळं बघते. पण गेल्या काही वर्षांत एक वेगळाच व्हिजिटर वाढलाय. पस्तिशीच्या आतबाहेरचा, गळ्यात ऑफिसचं आयकार्ड, हातात एमआरआयची मोठी पिशवी. स्कॅन त्याचा नसतो, आईचा नाहीतर बाबांचा असतो. आणि प्रश्न एकच, ‘मॅडम, अल्झायमर आहे की नाही? फक्त हो किंवा नाही सांगा.’

सॉरी बॉस, एवढं सोपं नसतं ते.

समुद्रघोड्याचा शोध

कानाच्या आतल्या बाजूला, मेंदूत खोलवर हिप्पोकॅम्पस नावाची एक जोडी असते. ग्रीक भाषेत समुद्रघोडा, कारण आकार तसाच. काल कोण भेटलं, सकाळी काय ठरलं, अशा ताज्या आठवणी पक्क्या करायचं काम याचं. अल्झायमरचा फटका बहुतेकदा आधी याच परिसराला बसतो. म्हणून आम्ही मेंदूचे ब्रेडच्या स्लाइससारखे उभे काप बघतो आणि तीन गोष्टी तपासतो. समुद्रघोड्याची उंची कमी झालीय का, त्याच्या बाजूची फट रुंदावलीय का आणि शेजारची पाण्याची पोकळी फुगलीय का.

याला मार्क द्यायची पद्धत नेदरलँड्सच्या फिलिप शेल्टन्स यांनी १९९२ मध्ये मांडली. ० ते ४. इथे मात्र जास्त मार्क म्हणजे वाईट रिझल्ट! पंच्याहत्तरीच्या आत २ मार्क पडले की आमच्या भुवया वर जातात. पंच्याहत्तरीनंतर तेच २ वयाच्या मानाने चालून जातात. फिल्म तीच, पण वय बदललं की अर्थ बदलतो.

‘किती मार्क पडले?’

मागे एक आयटीवाला मुलगा आईला घेऊन आला होता. काकू अडुसष्ट वर्षांच्या, शाळेत गणित शिकवायच्या. दुधाचा हिशेब चुकायला लागला, एकच प्रश्न दिवसातून चार वेळा, म्हणून ही तपासणी. मुलगा आधी एकटा आत आला. हळूच म्हणाला, ‘मॅडम, काही निघालं तर आईला सांगू नका हं.’ तेवढ्यात दार ढकलून काकू आल्या आणि समोर बसल्या. ‘मार्क देता ना तुम्ही? मला किती पडले?’

मुलगा माझ्याकडे बघत राहिला. मी म्हटलं, ‘काकू, दोन. पण एका पेपरवरून निकाल लावत नाहीत, हे तुम्हाला मी काय सांगणार?’ त्या हसल्या. मग म्हणाल्या, ‘निकाल लागेल तेव्हा मला आधी सांगायचा. मेंदू माझा आहे.’

नशिबाने तीन वर्षांपूर्वी डोकेदुखीसाठी काढलेली फिल्म त्यांच्या कपाटात होती. मी ती मागवून घेतली. दोन्ही शेजारी लावल्यावर उजवीकडचा समुद्रघोडा स्पष्ट बारीक झालेला दिसला. अनेक अभ्यास एकत्र केल्यावर असं दिसतं, की अल्झायमरमध्ये हा भाग वर्षाला सरासरी साडेचार टक्क्यांच्या आसपास आक्रसतो. निरोगी म्हाताऱ्या माणसांत हेच प्रमाण दीड टक्क्याच्या जवळपास असतं. म्हणून एका फोटोपेक्षा दोन फोटो जास्त बोलतात.

मग पेट स्कॅनच करू या ना?

हा पुढचा हमखास प्रश्न. एमआरआयमध्ये मेंदूचा आकार दिसतो, आजाराचं प्रथिन दिसत नाही. एफडीजी पेटमध्ये मेंदूचा कोणता भाग साखर कमी खातोय ते कळतं. अमिलॉइड पेट तर थेट अमिलॉइडचे साठे दाखवतो. जिवंत माणसात ते पहिल्यांदा दाखवणारा पिट्सबर्ग कंपाउंडचा अभ्यास २००४ चा. त्याआधी शंभर वर्षं पक्की खात्री हवी तर मृत्यूनंतर मेंदूच तपासावा लागायचा. १९०६ मध्ये डॉ. अल्झायमर यांनीही तेच केलं होतं.

पण थांबा! स्मरणशक्ती ठणठणीत असलेल्यांतही अमिलॉइड सापडतं. पन्नाशीत साधारण १० टक्के, नव्वदीत ४४ टक्के लोकांत. म्हणजे स्कॅन हा फक्त एक साक्षीदार. निकाल न्यूरॉलॉजिस्ट देतात, तेही माणसाशी बोलून, स्मरणाच्या चाचण्या घेऊन.

विसरणं म्हणजे अल्झायमरच?

मुळीच नाही. एका काकांना घरच्यांनी ‘वय झालं’ म्हणून दोन महिने सोडून दिलं होतं. स्कॅनमध्ये कवटीच्या आत रक्त साचलेलं निघालं. आधी कधीतरी बाथरूममध्ये पडले होते, कुणाच्या लक्षातही नव्हतं. ऑपरेशन झालं आणि काका पुन्हा शब्दकोडं सोडवायला लागले. बी-१२ ची कमतरता, थायरॉइड, डिप्रेशन यांनीही डोकं असंच गंडतं, आणि त्यातलं बरंच स्कॅनमध्ये दिसतही नाही. रक्ताच्या साध्या तपासणीत मात्र बी-१२ आणि थायरॉइड सापडतात.

आणि खरंच अल्झायमर निघाला तर? लेकानेमॅबला अमेरिकेत २०२३ मध्ये पूर्ण मान्यता मिळाली, डोनानेमॅबला २०२४ मध्ये. ही औषधं आजार बरा करत नाहीत, त्याचा वेग थोडा कमी करतात. तेही सुरुवातीच्या टप्प्यात, आणि मेंदूत सूज किंवा रक्तस्राव होत नाही ना, हे बघायला वारंवार एमआरआय करत. पण लवकर कळण्याचा आणखी एक फायदा आहे. मृत्युपत्र, बँक, घर, पुढे सांभाळणार कोण, हे सगळं तुमची आई स्वतः ठरवू शकते. काकूंनी तेच केलं. न्यूरॉलॉजिस्टने निदान पक्कं केल्यावर पुढच्याच महिन्यात त्या वकिलाकडे गेल्या. मुलगा सोबत होता, पण बोलल्या त्या!

तर मंडळी, या वीकेंडला एवढंच करा. आईबाबांचं काय काय बदललंय, कधीपासून, ते तारखेसकट लिहून ठेवा. डॉक्टरांना ‘विसरतात’ या एका शब्दापेक्षा ते कितीतरी उपयोगी पडतं. आणि कपाटावरच्या जुन्या एक्स-रे, एमआरआयच्या पिशव्या दिवाळीच्या साफसफाईत भंगारवाल्याला देऊ नका. माझ्यासारखीला त्या सोन्याच्या वाटतात.